दिवस मावळल्यावरचा घास

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. माशांची. माझी एक कड उडालेली आहे आणि मागच्या काचेवर पाण्याचे पांढरे डाग बसले आहेत. कितीही घासले तरी ते जात नाहीत. सांगलीत विश्रामबागेतल्या एका घराच्या बाहेरच्या खोलीत, एका लोखंडी खाटेशेजारी मी असते. माझ्यात सध्या एक लाल मासा राहतो. तो दिवसा दिसत नाही. पाहुणे येतात, वाकून बघतात, "रिकामीच हाय की" म्हणतात आणि चहाची वाट बघत बसतात. मला हसू येतं, पण टाकीला हसता येत नाही. रिकामी टाकी वेगळी आणि आत कुणी लपून बसलेली टाकी वेगळी. हे मला आतून लगेच कळतं. बाहेरच्या माणसांना कळायला वेळ लागतो. या घराला तो वेळ लागला आणि तेवढ्यात एक माणूस हातचा जायची पाळी आली होती. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म साताऱ्यातला. लालासाहेब नावाचा एक फौजेतून निवृत्त झालेला माणूस काचेचं दुकान चालवायचा. त्यानं मला कापलं, माझ्या कडा घासल्या आणि काचेला काच चिकटवून मला उभं केलं. मग त्यानं मला काठोकाठ पाण्यानं भरलं आणि शेजारी स्टूल घेऊन कान लावून बसला. गिऱ्हाईक म्हणायचं, "आवं लालासाहेब, गळती डोळ्यांनी बघायची असती का कानांनी?" तो म्हणायचा, "दिसायच्या आधी ती बोलती." मला त्याचा तो कान आवडला. ऐकायची सवय मला तेव्हापासून लागली.

पुढं मी एका लॉजच्या काउंटरवर गेले. सोनेरी मासे, रंगीत खडी, वर निळा दिवा! येणारीजाणारी माझं कौतुक करायची, पोरं काचेला नाकं लावायची. मी चांगलीच शेफारले होते. मग मालकाचं मन माझ्यावरून उडालं, मासे एकेक करून गेले आणि माझी रवानगी स्वयंपाकघराच्या माळ्यावर झाली. तिथं माझ्यात कांदे-बटाटे भरून ठेवत. काचेला वास लागत नाही म्हणतात, पण मला तो कांद्याचा वास अजून आठवतो.

तिथून मला सोडवलं ते पायगोंडा अण्णांनी. अण्णा सांगलीचे हळदीचे व्यापारी, जैन घरातले. कामासाठी साताऱ्याला येत आणि त्याच लॉजवर उतरत. त्यांनी मला मागून घेतलं आणि टेम्पोत घालून घरी आणलं. त्यांच्या पत्नीनं, पद्मावतीबाईंनी, मला दारातच अडवलं. ज्या घरात कांदा-लसूण शिजत नाही त्या घरात ही कांद्याची टाकी! बाईंनी मला अंगणात ठेवून गरम पाण्यानं इतकं घासलं, की माझे सांधे निखळतात की काय असं मला वाटलं. त्यानंतर मी घरात आले. नाव मात्र 'कांद्याची टाकी' असंच राहिलं.

अण्णा दुकानातून मासे आणत आणि म्हणत, "इकत न्हाई आनलं, सोडवून आनलंय." बाई म्हणत, "एका टाकीतनं काढून दुसऱ्या टाकीत घाटलं, ह्येला सोडवनं म्हंत्यात व्हय?" दोघं हसत. त्यांच्या घरात एक गोष्ट फार कडक पाळत. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. सूर्य गेला की स्वयंपाकघर बंद, कुणाच्या तोंडात घास नाही. माशांचे दाणेसुद्धा त्याच वेळी आटपायचे. तसं कुणी ठरवलं नव्हतं. भांडी आवरताना दाण्यांच्या डबीचं झाकणही आपोआप बंद व्हायचं, एवढंच.

मग अण्णा आजारी पडले. त्यांची खाट माझ्याशेजारी आली. आवाज क्षीण झाला, तेव्हा ते बोटातली अंगठी खाटेच्या दांडीवर आपटून बाईंना बोलावत. टक्. टक्. त्या आवाजानं माझ्यातलं पाणी किंचित थरथरायचं. एका संध्याकाळी खोलीत फक्त ती दोघं होती आणि मी होते. तेव्हा काय झालं ते मी पाहिलं. पण ते बाईंच्या तोंडून यायला हवं, म्हणून मी इथं थांबते. उजाडायच्या आत अण्णा गेले.

त्यानंतर बाई त्याच खाटेवर झोपू लागल्या. बोलणं कमी झालं. माझ्यातले मासेही एकेक करून गेले आणि पुन्हा कुणी आणले नाहीत. मी कोरडी पडले. कोरड्या टाकीत माणसाचं तोंड फार स्पष्ट दिसतं. बाई तासन् तास माझ्याकडं तोंड करून बसत, आणि मला माझ्या काचेत त्यांचं तोंड दिवसेंदिवस बारीक होताना दिसे. आधी त्यांनी तूप सोडलं. मग दूध. मग गूळ. सून चंदना कवठे महांकाळची. त्या गावच्या पद्धतीनं सासूला ती आत्ती म्हणते. ती रोज ताट घेऊन यायची. "आत्ती, दोन घास तरी खावा की." बाई एखादा घास घेत आणि ताट सरकवत.

मित्रांनो, जैन लोकांत एक मोठं व्रत आहे. म्हातारपणी, गुरूंना विचारून, सगळ्यांची क्षमा मागून, शांत मनानं माणूस अन्न सोडतो. त्याला सल्लेखना म्हणतात. घरातली माणसं तो शब्द उच्चारायला भीत होती. पण मी रोज जवळून बघत होते, म्हणून सांगते, हे ते नव्हतं. बाईंनी कुणाला विचारलं नव्हतं आणि त्यांचं मन शांत नव्हतं. ही शिक्षा होती, आणि ती त्या स्वतःला देत होत्या.

मुलगा गोमटेश हुशार आणि उतावळा. त्याला वाटलं, आईचं मन रमायला हवं. अण्णांना एकदा समुद्रातला मासा घरी आणायचा होता, ते राहून गेलं होतं. म्हणून त्यानं मला पुन्हा धुतलं, माझ्यात खारं पाणी भरलं, समुद्रातले भोकाभोकांचे दगड रचले. सांगलीला कुठला समुद्र? तो बादलीतून, पुडीतून आला. मिठाच्या पाण्याची मला सवय नव्हती. आत काहीतरी मोठं आणि अनोळखी शिरल्यासारखं झालं. पाणी बसल्यावर साईराज नावाच्या दुकानदाराकडून मासा आला. तांबडालाल, वीतभरही नाही, पण डोळे केवढे! काळेभोर, बटबटीत, चेहऱ्यापेक्षा मोठे. साईराज म्हणाला, "ह्येचं नावच सोल्जर हाय. आपल्या सातारकडच्या पोरांगत, लय दमाचा." पिशवीतून सुटताच मासा दगडाच्या खोबणीत शिरला. नंतर तो कुणाला दिसलाच नाही.

मला मात्र तो कळत होता. माशाला पापणी नसते. त्या खोबणीतून दोन डोळे अखंड बाहेर बघत होते, आणि ते बघत होते खाटेकडं. बाईंना न सांगता ते जाणवलं. दुपारी पडल्या पडल्या त्या एकदम उठून बसल्या आणि चंदनाला म्हणाल्या, "खोलीत कोन हाय गं?"

"कोण न्हाई आत्ती. मासा हाय."

"बघतंय कोनतरी," बाई म्हणाल्या आणि पदर ओढून घेतला.

मासा खाईना. गोमटेशनं सकाळी दाणे टाकले, दुपारी टाकले, दिवस मावळायच्या आत पुन्हा टाकले. दाणे हळूहळू खाली बसत, फुगत, कुजत. पाणी गढूळ झालं की तो नळीनं तळ ओढून काढे आणि पुन्हा दाणे टाके. दिवे लागले की खोलीतली ट्यूब, टीव्ही आणि माझ्यावरचा पांढरा दिवा असा नुसता लखलखाट असे. मासा तरी दिसावा म्हणून गोमटेशनं तो दिवा आणखी मोठा आणला. मासा आणखी आत गेला.

साईराजला फोन झाला. तो म्हणाला, "आवो दादा, आमच्याकडं तर दुकान बंद करताना मूठभर टाकलं की फडशा पाडायचा! लसणाच्या रसात भिजवून बघा, वासानं येतंय." गोमटेश म्हणाला, "लसूण आमच्या घरात येत न्हाई." कांद्याच्या टाकीला लसूण! साईराजनं दुसरं सांगितलं, "मग गोठवलेली कोळंबी न्या, फ्रीजमध्ये ठेवा." फोन मोठ्यानं लावलेला होता. चंदनानं फ्रीजकडं पाहिलं, त्यातल्या भाजीकडं पाहिलं आणि आत गेली. दाण्यांतही माशांचीच भुकटी असल्याचं डबीवर लिहिलं होतं, पण तेही त्या घरात कुणी मोठ्यानं वाचलं नव्हतं.

आणि संध्याकाळचा तो आवाज सुरू झाला. सूर्य बुडाला की माझ्यातून, दगडाच्या आतून यायचा. टक्. टक्. पंप आणि टीव्हीच्या आवाजात तो बाईंखेरीज कुणाला ऐकू येत नसे. पहिल्यांदा तो आला तेव्हा बाईंच्या हातातली जपमाळ थांबली. त्यांनी आधी खाटेच्या दांडीकडं पाहिलं. मग माझ्याकडं. त्यांचा चेहरा माझ्या काचेत पांढरा पडलेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी चंदनानं ताट आणलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "त्येनं नेम घेतलाय."

"कुणी आत्ती?"

"आत हाय त्येनं. त्यो जेवला की मी जेवीन."

ताट तसंच परत गेलं. त्यानंतर बाईंच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. डॉक्टर येऊन गेले आणि दाराबाहेर गोमटेशशी हळू आवाजात बोलले. गोमटेश आत आला तो रागावलेला, घाबरलेला. "आई, त्यो मासा हाय गं! माशापायी कोण जीव देतं का?" बाईंनी डोळे उघडले नाहीत. "नेम कुनाचा मोडू ने, बाळ," एवढंच म्हणाल्या.

आता सगळं माझ्या आत अडकलं होतं. त्या खोबणीतल्या जिवानं तोंड उघडलं तर खाटेवरचा जीव राहणार होता. मला सगळं दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. मला हात असते तर मी आधी तो दिवा फोडला असता.

त्या दिवशी गोमटेश फलटणला गेला होता. चंदना संध्याकाळी औषध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दिवस मावळला आणि एकदम वारं सुटलं. बाहेर कुठंतरी फांदी मोडल्याचा आवाज झाला आणि लाईट गेली. इन्व्हर्टर थोडा वेळ चिरचिरला आणि तोही बसला. माझ्यावरचा दिवा विझला, पंप थांबला. हा मासा आल्यापासून माझ्यात इतकी शांतता मी ऐकली नव्हती. खिडकीतून मावळतीचा तांबूस उजेड तेवढा येत होता.

टक्. टक्.

आणि तो बाहेर आला. सरळ, सावकाश, जणू इतके दिवस त्याच वेळेची वाट बघत होता. समोरच्या काचेशी येऊन तो थांबला आणि खाटेकडं तोंड करून स्थिर राहिला. अंधुक उजेडात त्याचे डोळेच दिसत होते. बाई उठल्या. अंगात उभं राहण्याचं बळ नव्हतं. माझी उडालेली कड धरून त्यांनी स्वतःला ओढलं आणि कपाळ काचेला टेकवलं. त्यांचं कपाळ तापलेलं होतं. आतून माशाचं तोंड त्याच जागी काचेला लागलं. मध्ये फक्त मी होते.

"आवं," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माशाला कुणी असं हाक मारत नाही. त्या भागात बायका नवऱ्याला अशी हाक मारतात. माझे सगळे सांधे आवळून आले.

"आवं, भूक लागलीया व्हय?"

तेवढ्यात दार उघडलं. मोबाईलचा पांढरा झोत आत शिरला, माझ्या अंगावर पडला, आणि मासा पुन्हा खोबणीत नाहीसा झाला.

"लाईट घालव!" बाई ओरडल्या. महिनोन् महिने त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "घालव ती लाईट, चंदना!"

चंदनानं झोत घालवला. अंधारात तिला सासूचा श्वास तेवढा ऐकू येत होता. ती चाचपडत आली आणि बाईंना धरून माझ्यापाशीच खाली बसली. "आत्ती, काय झालं?"

आणि बाईंनी सांगितलं. जे मी इतके दिवस पोटात ठेवलं होतं, ते सांगितलं.

"त्येनी पेज मागितली हुती गं. अशीच येळ हुती. दांडीवर अंगठी वाजीवली. म्हनले, पद्मा, वाईच पेज दे, भूक लागलीया. आनि मी म्हनलं, आवं, दिवस मावळला की. जल्मभर पाळलंय तुमी, आता कशाला मोडताय. सकाळी देते, ऊन पडलं की." त्या थांबल्या. "टाकीकडं बघत ऱ्हायले. परत काय मागितलं न्हाई. ऊन पडलं, चंदना. पेज केली मी. कुनाला देऊ?"

चंदना रडत होती. तिनं सासूचा हात घट्ट धरला.

आतून पुन्हा आवाज आला. टक्. चंदनालाही या वेळी ऐकू आला. तिचा दुसरा हात माझ्या काचेवर होता, तो तिनं झटकन मागं घेतला. दोघी बघत राहिल्या. अंधारात तो लाल जीव परत बाहेर आला आणि त्यांच्यासमोर थांबला. तोंड उघडत होता, मिटत होता.

तेव्हा चंदनाला सगळं एकदम उमगलं. तिला साईराजचं बोलणं आठवलं. दुकान बंद करताना! दिवे घालवताना! ती कुजबुजली, "आत्ती, ह्यो अंधारात खाणारा मासा हाय. आपण त्याला दिवसाउजेडी वाढत हुतो. आपल्या येळेला." ती उठली, डबी आणली, झाकण उघडलं आणि दाणे टाकायला हात वर केला. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं डबी बाईंच्या हातात दिली.

बाईंनी ती कितीतरी वेळ धरून ठेवली. त्या हातानं सूर्य गेल्यावर कधी कुणाला घास दिला नव्हता. नवऱ्यालासुद्धा दिला नव्हता. बाहेर पूर्ण अंधार झाला होता.

"नेम माझा हाय," बाई शेवटी म्हणाल्या. "भूक त्येची हाय."

आणि त्यांनी चिमूट सोडली.

दाणे पाण्यावर पडले. मासा वर झेपावला. टपकन् एक दाणा गेला, मग दुसरा, मग पाणी नुसतं ढवळून निघालं. उपाशी तोंडाचा तो आवाज माझ्या चारी काचांत घुमला. लालासाहेबानं कान लावून माझ्यातून काही ऐकलं असेल, पण असलं नाही ऐकलं.

"जेवला गं," बाई म्हणाल्या. "जेवले."

चंदना लगेच उठली. "मग तुमी पण खावा आत्ती, मी पेज करते."

"आता न्हाई," बाई खाटेवर टेकत म्हणाल्या. "सकाळी खाते. ऊन पडलं की."

तेच शब्द. चंदना जागच्या जागी उभी राहिली. माझ्यातलं पाणीही तसंच थबकलं. बाईंना काही आठवलं नसावं, कारण त्या लगेच डोळे मिटून पडल्या. चंदना त्यांच्या पायाशी बसली आणि उजाडेपर्यंत उठली नाही. लाईट आली, पंप सुरू झाला, तरी तिनं माझ्यावरचा दिवा लावला नाही. सासूच्या पोटावरचा पदर वरखाली होतो का, एवढंच ती बघत राहिली. मीही तेच बघत होते.

ऊन पडलं. आधी खिडकीच्या गजावर, मग माझ्या उडालेल्या कडेवर, मग खाटेवर. पदर हलत नव्हता असं मला क्षणभर वाटलं.

"चंदना," बाई म्हणाल्या, "पेज झाली का? तूप घाल वाईच."

चंदनाच्या हातून भांडं दोनदा पडलं. त्या आवाजाचा कुणालाच राग आला नाही. गोमटेश फलटणहून आला, तेव्हा आई खाटेवर बसून वाटी चाटूनपुसून संपवत होती. तो दारातच पिशवी टाकून बसला.

आता रोज असंच असतं. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं होतात, स्वयंपाकघर बंद होतं. मग बाई खोलीतली लाईट घालवतात आणि माझ्यापाशी येतात. एक चिमूट सोडतात. "आवं, जेवा," म्हणतात. साईराजला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ही जातच अंधारात फिरणारी, आवाज करणारी. गोमटेशला ते पटलं. मलाही पटलं आहे. बहुतेक.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी जेवत नसेल, तर त्यानं काहीतरी ठरवलंच आहे असं धरून बसू नका. तुमचा दिवा जरा घालवून बघा. त्याची वेळ कोणती ते ओळखा. आणि कुणी घास मागितला तर त्याला सकाळवर ढकलू नका. माझ्यासारख्या जुन्या काचेचं एवढं एक ऐका.

हो, आणि एक सांगायचं राहिलं. एखाद्या संध्याकाळी मासा पोटभर खाऊन खोबणीत जातो. बाई डबीचं झाकण लावतात. आणि मग तो आवाज येतो, टक्, टक्. पण माझ्या आतून नाही. खाटेच्या दांडीकडून. बाई दचकत नाहीत. त्या शांतपणे झाकण पुन्हा उघडतात, आणखी एक चिमूट सोडतात, आणि मासा तिला तोंड लावत नाही. सकाळी मी बघते तर तळाशी एक दाणाही नसतो.